टाचेचा हिशेब

बाळंतविड्यातल्या मोज्यांना टाच नसते. झबली, टोपडी आणि दुपटी यांच्या जोडीला लोकरीचे दोन चिमुकले मोजे विणून ठेवायची रीत मराठी घरांत जुनी आहे. दोन सुयांवर सपाट तुकडा विणायचा, तो दुमडून शिवायचा, घोट्याशी ठेवलेल्या भोकांतून लोकरीची दोरी ओवायची, टोकांना गोंडे लावायचे, की झाला मोजा. बाळ काही चालत नाही. पाय जमिनीला टेकतच नाहीत, तर टाचेला आकार द्यायचा कुणासाठी? म्हणून असे डझनभर जोड विणलेल्या बाईलाही मोठ्या माणसाचा मोजा विणायला सांगितला, की ती घोट्यापाशी येऊन अडते. तिथवरची नळी ती डोळे मिटून विणेल. पण ती नळी काटकोनात वळवायची कशी, हे तिला कुणी शिकवलेलंच नसतं, कारण पुण्या-नागपुरात त्यावाचून काही अडत नव्हतं.

ॲडम्सटाउनमध्ये अडतं. डब्लिनच्या पश्चिमेला, ल्यूकन गावाला लागून वसवलेली ही वस्ती अगदी अलीकडची आहे. तिचा आराखडा २००३ साली मंजूर झाला, रेल्वे स्टेशन २००७ साली सुरू झालं, आणि २००८च्या मंदीत बांधकामं थंडावल्यामुळे काही वर्षं ते स्टेशन मोकळ्या शेतांकडे बघत उभं होतं. पुढे घरं वाढली, माणसं आली, आणि त्यांत भारतीय मोठ्या संख्येने आले. २०२२च्या जनगणनेत आयर्लंडमध्ये भारतीय नागरिकांची संख्या ४५ हजारांवर गेली. त्यांतले बरेचजण डब्लिनच्या याच पट्ट्यात राहतात, आणि त्यांत मराठी कुटुंबंही आहेत. इथला हिवाळा फार कडक नसतो, पण ओला असतो. जानेवारीचं सरासरी तापमान पाच अंशांच्या आसपास असतं, चार-साडेचारला अंधारून येतं आणि लाकडी जमीन पायांना गार लागत राहते. मुलीच्या किंवा सुनेच्या बाळंतपणाला आलेल्या आईकडे व्हिसाचे जास्तीत जास्त नव्वद दिवस असतात. बाळाचं सगळं विणून झालेलं असतं, हात मोकळे असतात, आणि जावई घरातल्या घरात दोन-दोन मोजे घालून फिरत असतो. मोठा मोजा शिकायला याहून चांगला मुहूर्त कुठला?

या गावाला स्वतःचा मोज्यांचा इतिहास असणं शक्यच नाही, गावच विशीतलं आहे. पण आसपासचा मुलूख विणकराचा आहे. शेजारच्या ल्यूकनला लिफी नदीच्या पाण्यावर लोकरीची गिरणी चालायची. डब्लिनच्याच उत्तरेला समुद्रकाठी बालब्रिगन नावाचं गाव आहे. तिथे १७८० साली सुरू झालेल्या स्माइथ कंपनीचे तलम मोजे इतके नावाजले, की राणी व्हिक्टोरियासाठी ते जात. गावाचं नावच पुढे एका प्रकारच्या विणलेल्या कापडाला आणि त्याच्या अंतर्वस्त्रांना मिळालं. १९२०च्या सप्टेंबरात ब्रिटिशांच्या ‘ब्लॅक अँड टॅन्स’ या सशस्त्र पोलिसांनी बालब्रिगन जाळलं, त्यात घरं आणि दारूचे गुत्ते यांच्याबरोबर मोज्यांचा एक कारखानाही राख झाला. त्यांनी नेमका गावाचा रोजगार जाळला.

पण बालब्रिगनचे मोजे यंत्रावरचे. हाताने विणलेल्या मोज्याकडे वळायचं, तर आधी लोकर आणि सुया बघायला हव्यात, कारण नवशिक्याचा अर्धा त्रास चुकीच्या मालामुळे असतो.

भारतातून येताना बहुतेकजणी बॅगेत लोकरीचे गुंडे घालून आणतात. ती लोकर बहुतेक वेळा ॲक्रिलिक असते. रंग सुरेख, धुवायला सोपी, स्वस्त आणि बाळाच्या टोपड्याला उत्तम. मोज्याला मात्र ती कामाची नाही. ॲक्रिलिक घाम शोषत नाही, त्यामुळे पाय बुटात ओलसर राहतो आणि मग गार पडतो. खरी लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तीस टक्के ओलावा पोटात घेऊनही ओली लागत नाही. पण निव्वळ लोकर टाचेशी लवकर झिजते, म्हणून मोज्यांसाठी मुद्दाम बनवलेल्या धाग्यात तीन भाग लोकर आणि एक भाग नायलॉन असतो. शंभर ग्रॅमच्या गुंड्यात साधारण चारशे मीटर धागा येतो आणि त्यात मोठ्या माणसाचा एक जोड आरामात होतो. गुंड्याच्या पट्टीवर ‘यंत्रात धुता येईल’ असं लिहिलं आहे ना, तेवढं बघून घ्यावं. नाहीतर आठवडाभर खपून विणलेला मोजा धुलाई-यंत्रातून आटून बाहेर येतो आणि फक्त नातवाला होतो.

धागा मेंढीच्या कोणत्या जातीचा, यालाही महत्त्व आहे. केसाची जाडी तीस मायक्रॉनच्या वर गेली की तो कातडीला टोचतो. मेरिनो मेंढीचा केस वीसच्या आसपास असतो. आपल्या दख्खनी मेंढीचा केस त्याहून कितीतरी जाड असतो, म्हणून धनगरांच्या लोकरीची घोंगडी झाली, मोजे झाले नाहीत. आयर्लंडचीही गत फार वेगळी नाही. हिरव्या कुरणांवरच्या मेंढ्यांची छायाचित्रं जगभर जातात, पण त्यांची बरीचशी लोकर जाडीभरडी, गालिच्याच्या कामाची. अलीकडच्या वर्षांत तिला किलोमागे इतके थोडे सेंट मिळू लागले, की मेंढी कातरायची मजुरीही त्यातून निघेना. पर्यटकांच्या दुकानातले मऊ आयरिश स्वेटर बऱ्याचदा बाहेरून आलेल्या मेरिनोचे असतात. सातारा-सोलापूरकडच्या धनगराने कातरलेली लोकर रानात टाकून द्यावी आणि इथल्या शेतकऱ्यानेही त्याच कारणाने वैतागावं, हा दोन देशांना जोडणारा धागा काही फारसा आनंदाचा नाही.

सुयांचा घोळ वेगळाच. आपल्याकडे सुया नंबरावर ओळखतात: दहा नंबर, बारा नंबर. हा जुना इंग्रजी हिशेब. त्यात आकडा वाढला की सुई बारीक होते. आयर्लंडमधली दुकानं आता मिलिमीटर सांगतात, तिथे आकडा वाढला की सुई जाड. दहा नंबर म्हणजे ३.२५ मिमी, बारा नंबर म्हणजे २.७५ आणि तेरा म्हणजे २.२५. मोज्याला सगळ्यात जास्त लागणारी २.५ मिमीची सुई या दोहोंच्या मधली आहे, तिला आपल्या नंबरांत जागाच नाही. ती इथेच विकत घ्यावी. दोन्ही टोकं निमुळती असलेल्या पाच सुयांचा संच मिळतो. चार सुयांवर टाके वाटायचे आणि पाचवीने विणायचं. तीन सुयांवर टाके घेऊन चौथीने विणायची जुनी पद्धतही आहे. लांब लवचिक वायरीची एकच गोल सुई वापरणाऱ्याही पुष्कळ आहेत. पहिल्या मोज्याला मात्र पाचांचा संचच बरा. पायाची वरची बाजू दोन सुयांवर आणि टाचेची बाजू दोन सुयांवर राहते, त्यामुळे आपण मोज्याच्या कुठल्या भागात आहोत ते डोळ्यांना दिसतं.

आता आकडे. विणण्याआधी त्याच धाग्याचा आणि त्याच सुयांचा एक चौकोनी तुकडा विणून मोजावा. या धाग्याला दहा सेंटिमीटर रुंदीत साधारण ३० टाके आणि उंचीत ४२ ओळी येतात. तळव्याचा घेर २३ सेंटिमीटर असेल, तर मोजा त्याहून दहा टक्क्यांनी लहान हवा, म्हणजे सुमारे २१. सैल मोजा बुटात चुरगळतो आणि फोड आणतो. २१ सेंटिमीटरला ६३ टाके होतात. दोन-दोन सुलट-उलटच्या बॉर्डरसाठी चाराने भाग जाणारा आकडा हवा, म्हणून ६४ घ्यायचे. एका सुईवर सोळा.

टाके सैल घालावेत, त्यासाठी दोन सुया एकत्र धरून त्यांवर टाके घातले की काम भागतं. ते चार सुयांवर वाटून गोल जोडताना एकही टाका सुईभोवती पिळलेला नाही ना, हे पुन्हा पुन्हा तपासावं. पीळ राहिला तर दहा फेऱ्यांनी कळतं आणि तेव्हा उसवण्यावाचून इलाज नसतो. पहिल्या चार-पाच फेऱ्या खरोखर वैताग आणतात. चार सुया चार दिशांना, हातांत सगळं लोंबकळतंय, टाके निसटतायत. मोजा विणायचं सोडून देणाऱ्या बहुतेकजणी इथेच सोडतात. मला विचाराल तर मोज्यातला अवघड भाग हाच आहे, टाच नव्हे. दोन सुयांच्या सांध्यावर टाके सैल पडून उभी फट दिसू लागते. नव्या सुईवरचा पहिला आणि दुसरा टाका जरा ओढून घट्ट केला की ती बुजते. पाच सेंटिमीटर बॉर्डर आणि पुढे दहा सेंटिमीटर सगळं सुलट विणलं की घोटा आला.

इथे हिशेब करून पाहण्यासारखा आहे. पंधरा सेंटिमीटरच्या नळीत साधारण चार हजार टाके झालेले असतात. पुढच्या तळव्यात पाच हजारांच्या आसपास होतील, टाचेच्या मागच्या पट्टीत हजार, चवड्याकडे आणखी हजारभर. एक मोजा म्हणजे अकरा-साडेअकरा हजार टाके. आणि ज्याला ‘टाच वळवणं’ म्हणतात, ज्याच्या नावाने नवशिक्यांच्या पोटात गोळा येतो, त्यात किती टाके? आपल्या ६४ टाक्यांच्या मोज्यात जेमतेम दोनशे तेरा. शंभरातले दोन. नवशिक्या हातालाही अर्ध्या तासाहून जास्त काम नाही.

ते दोनशे टाके येण्याआधी मागची पट्टी विणायची. ६४ पैकी ३२ टाके, म्हणजे पायाची वरची बाजू, दोन सुयांवर तशीच सोडून द्यायची. उरलेले ३२ एका सुईवर घेऊन त्यांवर पुढे-मागे, साध्या स्वेटरसारखं सपाट विणायचं. इथे दोन सुयांवरचा सगळा अनुभव कामी येतो. सुलट बाजूने एक टाका न विणता घ्यायचा, एक सुलट विणायचा, असं ओळभर. उलट बाजूने पहिला टाका न विणता घ्यायचा आणि बाकी सगळे उलट. न विणलेल्या टाक्यामागून धागा आडवा जातो, त्यामुळे पट्टी दुहेरी जाड होते. बुटाची मागची कड जिथे घासते, तिथे ही जाडी नेमकी हवी असते. प्रत्येक ओळीचा पहिला टाका न विणता घेतल्यामुळे कडेला दोन ओळींमागे एक असा मोठा, ठसठशीत टाका तयार होतो. बत्तीस ओळी विणल्या की दोन्ही कडांना सोळा-सोळा. हे सोळा लक्षात ठेवायचे, पुढे ते वसूल करायचे आहेत.

आता मोज्याला एक सपाट शेपूट लोंबतंय. त्याची वाटी करायची आहे. युक्ती एवढीच, की ओळ शेवटपर्यंत विणायची नाही. अर्ध्यातून मागे फिरायचं, आणि दर फेऱ्याला थोडं पुढे जाऊन पुन्हा फिरायचं. मधला भाग जास्त वेळा विणला जातो, म्हणून तो फुगतो. कडेचे टाके एकेक करून मधल्यांत मिळवले जातात, म्हणून कडा आत ओढल्या जातात. फुगणं आणि ओढलं जाणं एकाच वेळी झालं, की कापडाला पोट सुटतं.

पहिली ओळ सुलट बाजूने: पहिला टाका धरून अठरा विणायचे, म्हणजे बत्तिसाचे अर्धे आणि वर दोन. मग दोन टाके मागच्या बाजूने एकत्र सुलट, एक सुलट, आणि विणकाम फिरवायचं. डाव्या सुईवर अकरा टाके न विणलेले राहतील. राहू द्यावेत. इथेच पहिल्यांदा विणणारीचा हात थांबतो, कारण ओळ अर्धी सोडायची सवय नसते. ‘अगं, चुकलं वाटतं,’ म्हणून ती उसवायला घेते. चुकलेलं नसतं. दुसरी ओळ उलट बाजूने: पहिला न विणता, पाच उलट, दोन एकत्र उलट, एक उलट, आणि पुन्हा फिरवायचं. या बाजूलाही अकरा राहिले. म्हणजे दोन्हीकडे सारखे आले, तर बरोबर चाललंय.

इथून पुढे मोजायचीही गरज उरत नाही. विणलेल्या आणि न विणलेल्या टाक्यांच्या मधे एक फट स्पष्ट दिसते. प्रत्येक ओळीत पहिला टाका न विणता घ्यायचा, फटीच्या एक टाका अलीकडेपर्यंत विणायचं, फटीअलीकडचा एक आणि पलीकडचा एक असे दोन मिळून एकत्र करायचे, मग एक विणायचा आणि फिरवायचं. तिसऱ्या ओळीत मधले सहा, चौथीत सात, पाचवीत आठ, असे ते आपोआप वाढत जातात. कडेचे अकरा दर वेळी दोनाने घटतात: नऊ, सात, पाच, तीन, एक. शेवटच्या दोन ओळींत एकत्र केल्यावर विणायला पुढे टाकाच उरत नाही, तिथे थांबायचं. चौदा ओळी झाल्या. सुईवर अठरा टाके. आणि हातात, खरोखरच, टाच.

हिशेब जुळतो का ते पाहू. बत्तीस टाके होते, चौदा ओळींत ओळीमागे एक कमी झाला, उरले अठरा. टाके साठ असतील तर मागची पट्टी तिसांची आणि पहिली ओळ सतरांची. टाच वळवणं म्हणजे एवढंच. हात किती सफाईदार, याचा प्रश्न इथे येतच नाही. ज्या बाईला दुधाचा महिन्याचा हिशेब तोंडी येतो, तिला हा अवघड नाही.

आयर्लंडमध्ये हा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या मुलींना शाळेत शिकवला गेला. सरकारी राष्ट्रीय शाळांत मुलींना शिवण-विणकाम असायचंच आणि त्यात मोज्याची टाच यायची. ग्रंथालयांत दुपारी विणायला जमणाऱ्या वयस्क आयरिश बायकांना ती आजही कागद न बघता वळवता येते. आपल्याकडे सुयांवरचं विणकाम मुख्यतः मिशनरी शाळा आणि साहेबांच्या मडमा यांच्या वाटेने आलं. ते मराठी घरांत रुजलं ते बाळाचे कपडे आणि स्वेटर यांच्यासाठी. मोजा मागे पडला.

मोज्यातल्या आकड्यांचं वजन किती असू शकतं, हे पाहायचं तर जॉन मिलिंग्टन सिंग यांच्या ‘रायडर्स टू द सी’ या छोट्या नाटकाकडे जावं. १९०४ साली ते डब्लिनमध्ये रंगमंचावर आलं. सिंग आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यापलीकडच्या आरन बेटांवर राहून आले होते. नाटकात समुद्रात बुडालेल्या एका तरुणाचे कपडे दूर उत्तरेला सापडतात. बहिणी गाठोडं उघडतात. कापड तर कुणाच्याही अंगावर असू शकतं. पण मोजा पाहताच धाकटी टाके मोजते. तो तिने स्वतःच विणलेला असतो. साठ टाके घातलेले, त्यांतले चार सोडलेले. आकडा जुळतो आणि भाऊ गेल्याचं निश्चित होतं. नाटकातला हा मोजा पुढे लोकांच्या तोंडी स्वेटर झाला, आणि आरन बेटांवर प्रत्येक घराण्याची वेगळी नक्षी असते, बुडालेला माणूस तिच्यावरून ओळखला जातो, अशी दंतकथा त्यातून फोफावली. स्वेटरच्या दुकानदारांना ती फार सोयीची पडली. घराण्यांच्या नक्षीला पुरावा नाही. सिंगनी लिहिलं ते जास्त साधं आणि जास्त खरं आहे: विणणारीला स्वतःच्या हातचे टाके ओळखू येतात.

तेच हात पोटासाठी विणायचे तेव्हा काय व्हायचं? वायव्येकडच्या डोनेगल परगण्यात ग्लेन्टीज आणि आसपासच्या गावांत शेतकऱ्यांच्या बायका व्यापाऱ्याकडून धागा आणून मोजे विणून देत. मैलोन्‌मैल चालत जायचं, वजनावर धागा घ्यायचा, विणून परत न्यायचं आणि मजुरी पेनीच्या हिशेबात मोजून घ्यायची. पॅट्रिक मॅगिल हा लेखक त्याच भागात वाढला. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातल्या त्याच्या कादंबऱ्यांत हे व्यापारी आणि त्या बायका आहेत. १८८३ साली ॲलिस हार्ट नावाच्या बाई डोनेगलमध्ये आल्या. तिथली दैना पाहून त्यांनी ‘डोनेगल इंडस्ट्रियल फंड’ उभा केला आणि या मालाला लंडनची बाजारपेठ मिळवून द्यायचा प्रयत्न केला. एका मोज्यामागे दहा हजारांच्या घरात टाके आणि मजुरी पेनीत, हे दोन आकडे शेजारी ठेवले की ‘घरबसल्या बायकांना पूरक उद्योग’ या गोंडस शब्दांवरचा विश्वास उडतो.

सुयांवरचं विणकाम मुळात आयर्लंडचं नव्हे. खऱ्या विणकामाचे सगळ्यात जुने नमुने इजिप्तमध्ये सापडलेले, सुती, निळ्या-पांढऱ्या नक्षीचे मोजे आहेत. ते साधारण अकराव्या शतकापासून पुढचे. त्याहून जुने, चौथ्या-पाचव्या शतकातले लाल लोकरीचे मोजेही तिथेच मिळाले. एक जोड लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. चपलेचा पट्टा जावा म्हणून त्यांचा अंगठा वेगळा केलेला आहे. ते मात्र एकाच सुईने, दोरा ओवून वेढ्यावेढ्यांनी केलेले, दुसऱ्याच तंत्राचे. इंग्लंडमध्ये १५८९ साली विल्यम ली यांनी मोजे विणायचं यंत्र बनवलं. ते सपाट कापड विणायचं, आकार देताना टाके हाताने कमी-जास्त करावे लागत आणि मोजा शेवटी शिवावा लागे. म्हणजे बाळंतविड्यातल्या मोज्याचीच ही थोरली भावंडं.

आपण टाच वळवून थांबलो होतो. आता कडेचे सोळा-सोळा वसूल करायचे. सुईवरचे अठरा विणून घ्यायचे, मग पट्टीच्या कडेने सोळा टाके उचलायचे, वरच्या बाजूचे सोडून दिलेले बत्तीस विणायचे, दुसऱ्या कडेने सोळा उचलायचे. दोन्ही कोपऱ्यांत भोक पडतं, तिथे एकेक जादा टाका उचलून पुढच्या फेरीत शेजारच्याबरोबर एकत्र करावा. एकूण झाले ८२. चौसष्टाचे ब्याऐंशी कशाला? टाचेच्या टोकापासून पायाच्या वरच्या उंचवट्यावरून तिरका टेप धरून पाहावा. घोट्याच्या घेराहून हा घेर कितीतरी मोठा भरतो. मोजा घालताना पाय या सगळ्यात रुंद जागेतून आत जातो. ८२ टाक्यांचे २७ सेंटिमीटर होतात आणि उरलेलं लोकर ताणून भागवते. नुसत्या सरळ नळीचा मोजा इथेच काचतो आणि टाचेखाली सरकतो. पुढे पायाचा घेर पुन्हा कमी होतो, म्हणून एका फेरीआड दोन्ही बाजूंना एकेक टाका कमी करत जायचा. नऊ वेळा केलं की अठरा गेले आणि पुन्हा चौसष्ट उरले. मोज्याच्या दोन्ही अंगांना दिसणारे तिरके त्रिकोण ते हेच.

तळवा सरळच आहे. पाय जिथे संपतो त्याच्या पाच सेंटिमीटर अलीकडेपर्यंत विणत राहायचं. मग एका फेरीआड चार टाके कमी करायचे, बत्तीस उरेपर्यंत. पुढे प्रत्येक फेरीत चार, सोळा उरेपर्यंत. आठ वरचे, आठ खालचे. ते शिवणीने जोडले तर बोटांवर कड येते. म्हणून दाभणात धागा ओवून तो दोन्ही सुयांवरच्या टाक्यांतून असा फिरवायचा, की दोघांच्या मधे विणल्यासारखीच एक ओळ तयार व्हावी. इंग्रजीत या जोडणीला किचनेरचं नाव आहे. हे तेच लॉर्ड किचनेर, १९०२ ते १९०९ हिंदुस्थानचे जंगी लाट, ज्यांच्याशी झालेल्या भांडणात व्हाइसरॉय कर्झनला १९०५ साली राजीनामा द्यावा लागला. त्यांचा जन्म १८५० साली आयर्लंडमधल्याच केरी परगण्यात, लिस्टोवेलजवळ झाला होता. पहिल्या महायुद्धात ते ब्रिटनचे युद्धमंत्री झाले. १९१४च्या शरदात त्यांच्या मागणीवरून राणी मेरीने देशातल्या बायकांकडे सैन्यासाठी तीन लाख जोड मोजे मागितले. खंदकातल्या चिखलपाण्यात शिपायांचे पाय सडत होते, आणि त्यात शिवणीची कड म्हणजे नवी जखम. त्यावर ही जोडणी किचनेरनी सुचवली, असं सांगतात. त्याला भक्कम पुरावा नाही. मिशीवाला सेनापती दाभण घेऊन बसला असेल, हे चित्रही काही पटत नाही.

दुसरा मोजा पहिल्याला जुळवायचा, तर पहिल्याच्या ओळी लिहून ठेवलेल्या हव्यात. बॉर्डरच्या किती, घोट्यापर्यंत किती, तळव्याच्या किती, हे आकडे गुंड्याच्या पट्टीच्या मागे लिहावेत आणि पट्टी फेकू नये. उरलेला धागाही ठेवावा. मोजा पुढच्या हिवाळ्यात पहिल्यांदा विरेल तो टाचेखाली, जिथे ते दोनशे तेरा टाके आहेत तिथे. भोक पडायची वाट न बघता, धागे पातळ दिसू लागताच त्याच धाग्याने टाक्यांवरून टाके भरून घ्यावेत.